नेदरलँड्समधला आमचा शेवटचा वसंत: सासू-सासरे आणि लेकीला घेऊन कुठे कुठे जावं?

वेल्डहोवनवासी (९ मार्च)

नमस्कार मंडळी,

चार वर्षांपासून आम्ही आइंडहोवनला लागून असलेल्या वेल्डहोवनमध्ये राहतोय. नवऱ्याचं इथलं काम जूनअखेर संपतंय आणि जुलैत आम्ही पुण्याला परत चाललोय. म्हणजे हा इथला शेवटचा वसंत. आधीचे वसंत लेकीची आजारपणं, माझे डच भाषेचे वर्ग आणि ऑफिस यांतच निघून गेले. मागच्या वर्षी क्युकेनहॉफला, ट्यूलिपच्या त्या प्रसिद्ध बागेत, गेलो तेव्हा ऐन मे महिन्याच्या सुट्टीतला शनिवार निघाला. गर्दीत लेक रडायला लागली आणि तासाभरात परत फिरलो.

१ एप्रिलला सासू-सासरे येताहेत, १६ मेपर्यंत आहेत. दोघंही पहिल्यांदाच देशाबाहेर पडताहेत. नानांची निफाडजवळ द्राक्षबाग आहे. वय ६८, पण रोज चार-पाच किलोमीटर सहज चालतात. आईंचे मात्र गुडघे दुखतात. पंधरा मिनिटांच्या वर सलग चालवत नाही, आणि गार वारा अजिबात सोसत नाही. दोघं शुद्ध शाकाहारी. लेक सहा वर्षांची.

फोनवर नानांनी एकच गोष्ट मागितली: "तिकडं शेती कशी करतात तेवढं दाखव." पॅरिस, स्वित्झर्लंड कशाचंही नाव काढलं नाही. म्हणून मोठी सहल न करता इथल्या इथेच, एका दिवसात जाऊन येता येईल अशा ठिकाणी फिरायचं ठरवलंय. गाडी आहे, पण नवऱ्याला सुट्टी मोजकीच. मधल्या वारी मला ट्रेनने न्यावं लागेल.

कुठे, कधी, कसं? तुमच्या आठवणीही सांगा. निघायच्या आधी मला हा देश नीट बघून घ्यायचाय.


आम्स्टेलवेनची मावशी (९ मार्च)

अगं, आधी आठवडे ठरव, ठिकाणं मागाहून. इथला वसंत एकदम येत नाही, पाळीपाळीने येतो, आणि जो आठवडा चुकला तो वर्षभरासाठी गेला. मी इथे सोळा वर्षं आहे, त्यावरून सांगते.

क्रोकस तर आत्ताच बागांमधून फुललाय, तो तुझ्या माणसांना मिळायचा नाही. ती येतील तेव्हा पिवळे डॅफोडिल असतील, पाठोपाठ हायसिंथ. चेरी मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत कधीतरी येते आणि दहा दिवसांत झडते. शेतातले ट्यूलिप साधारण एप्रिलच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. फळबागांत आधी नासपतीचा बहर, मग सफरचंदाचा, तोही एप्रिलमध्येच. बेल्जियममध्ये ब्रसेल्सच्या दक्षिणेला हालेरबोस नावाचं बीचचं जंगल आहे. त्याची जमीन एप्रिलच्या उत्तरार्धात निळ्या फुलांनी भरून जाते. बीचच्या झाडांना पानं फुटून सावली पडायच्या आत ही फुलं आपलं उरकून घेतात, म्हणून मुदत थोडी.

क्युकेनहॉफ सोडू नकोस. मागच्या वर्षीचा अनुभव त्या शनिवारचा होता. मंगळवार-बुधवारचं सकाळी आठचं तिकीट आधीच ऑनलाइन काढ, वेळ ठरवूनच मिळतं. ट्रेनने आलात तर लायडन किंवा स्किपोल विमानतळाहून थेट बस आहे. आईंसाठी तिथे चाकाची खुर्ची भाड्याने मिळते. त्या नको म्हणतील, तरी घे. ३२ हेक्टरची बाग आहे आणि दर शरद ऋतूत तिथे सुमारे ७० लाख कंद हातांनी लावतात. चालत चालत आईंना त्यातलं निम्मंही बघून होणार नाही.

आणि वारा! तापमान १४ दिसलं तरी पोल्डरवर, म्हणजे पाणी उपसून केलेल्या सपाट जमिनीवर, उभं राहिलं की अंगात भरतो. आईंना कानटोपी, आतून गरम बनियन आणि वारा अडवणारं जाकीट लागेलच. शाल उडते. डच लोक म्हणतात की मार्च शेपूट हलवतो, आणि एप्रिल गोड वाटला तरी डोक्यावर पांढरी टोपी घालून जातो. एप्रिलमध्ये गारा आणि बर्फ दोन्ही मी पाहिलेत.


लिंगेकाठची (१० मार्च)

नानांनी शेती मागितली म्हटल्यावर मला लिहावंच लागतंय, कारण मी बेटुवेत राहते. वाल आणि ऱ्हाईन या दोन नद्यांच्या मधला हा पट्टा, जड चिकणमातीचा, सगळा फळबागांचा. खेल्डरमाल्सनला ट्रेन थांबते. तिथून लिंगे नदीच्या कडेने, बांधावरून, दोन्ही बाजूंना नासपती आणि सफरचंदाच्या रांगा. झाडं बुटकी असतात, तारेला बांधलेली. द्राक्षाचा मांडव बघितलेल्या माणसाला पहिल्या नजरेत ओळखीची वाटतील.

पण खरी बघायची गोष्ट दिवसा दिसत नाही. बहर आला की शेतकऱ्यांच्या झोपा उडतात. उघडी फुलं उणे दोनच्या आसपास गेली की मरतात आणि एप्रिलमध्ये आभाळ निरभ्र असलं की पहाटे तेवढी थंडी पडते. मग इथले बागायतदार रात्री तुषार सुरू करतात, झाडांवर थेट पाणी! पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं, त्यामुळे बर्फाच्या आत अडकलेली कळी शून्याच्या जवळपास टिकून राहते. पाणी मात्र मध्येच बंद करायचं नाही. सूर्य वर येऊन बर्फ आपोआप वितळेपर्यंत चालू ठेवावं लागतं, नाहीतर उलटं नुकसान होतं. ज्यांच्याकडे पाणी कमी ते रांगांमधून मेणाचे डबे पेटवतात. पहाटे बांधावरून पाहिलं की अख्खी बाग काचेची झालेली असते आणि प्रत्येक काचेच्या आत एक गुलाबी कळी.

निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा उतरला की तुमच्याकडे शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबकने पाणी सोडतात, ना? माझं माहेर दिंडोरीचं आहे. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून वडील रात्रभर बागेत असायचे. इथे आल्यावर पहिल्या एप्रिलमध्ये शेजारच्या बागेत रात्री दोन वाजता दिवे दिसले तेव्हा मी खिडकीशी जाऊन किती वेळ उभी होते.

अशी रात्र येणार असं दिसलं की मी तुला निरोप पाठवीन. ओळखीचे एक बागायतदार आहेत, त्यांना विचारून ठेवते. परवानगीशिवाय कुणाच्या बागेत शिरू नका, एवढं मात्र पाळा.

बेटुवे लांब वाटली तर बेल्जियमच्या हास्पेनगाऊमध्येही असाच बहर असतो, सिंट-त्राउडनच्या आसपास. आइंडहोवनहून साधारण तास-सव्वा तास.


परत_नाशकात (११ मार्च)

आम्ही २००६ ते २०१२ लायडनला होतो. सहा वसंत मिळाले. मुलं तेव्हा लहान होती, आता दोघं कॉलेजात आहेत. तुमचा धागा काल रात्री जेवताना त्यांना वाचून दाखवला आणि विचारलं, तुम्हाला काय आठवतं? मोठा म्हणाला, कोकरं. धाकटी म्हणाली, चादर.

कोकरं म्हणजे बांधावरची. मार्च-एप्रिलमध्ये कुठल्याही बांधावर मेंढ्या पिलांसह सोडलेल्या असतात. शाळा सुटली की मी त्यांना सायकलवर पुढे-मागे बसवून घराजवळच्या बांधावर न्यायचो. तिकीट नाही, नाव नाही, नकाशात खूण नाही. कुंपणाला टेकून उभं राहायचं, पिलं चारी पायांवर एकदम उडी मारतात ती बघायची आणि घरी यायचं. अशी शंभरेक संध्याकाळी झाल्या असतील. त्या काळात आम्ही पाहिलेल्या राजवाड्यांची, संग्रहालयांची नावंसुद्धा मुलांना आठवली नाहीत.

चादर म्हणजे राणीच्या दिवसाची. आमच्या वेळी ३० एप्रिलला असायचा. २०१४ पासून राजाचा दिवस झाला, २७ एप्रिल, आणि २७ ला रविवार आला तर आदल्या दिवशी. त्या दिवशी कुणालाही परवान्याशिवाय रस्त्यावर जुन्या वस्तू विकता येतात. मुलं फुटपाथवर चादर अंथरून खेळणी मांडतात, व्हायोलिन वाजवतात, लिंबू सरबत विकतात. ताई, तुम्ही सामान आवरून परत चाललाय आणि लेक सहा वर्षांची आहे. तिची खेळणी तिलाच विकू द्या. काय ठेवायचं आणि काय द्यायचं हे ती स्वतः ठरवेल. आम्ही परत येताना मुलांची खेळणी ती झोपलेली असताना खोक्यात भरून देऊन टाकली होती. त्याबद्दल मला अजून वाईट वाटतं.

त्या दिवशी ॲमस्टरडॅमला जाऊ नका. ट्रेनमध्ये उभं राहायला जागा नसते, वयस्कर माणसांना फार त्रास होतो. आपल्या गावातच थांबा.

लायडनला आलात तर विद्यापीठाची जुनी वनस्पती बाग बघा, होर्तुस बोटानिकुस. १५९० सालची. कार्लुस क्लुसिउस नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ १५९३ मध्ये तिथे आला, येताना तुर्कस्तानकडून युरोपात पोचलेले ट्यूलिपचे कंद घेऊन आला, आणि पुढच्या वर्षी ते तिथे फुलले. आज जे मैलोन्मैल रंगीत पट्टे दिसतात त्यांची सुरुवात या एवढ्याशा वाफ्यातून झाली. बाग छोटी आहे, बाकं भरपूर आहेत, आईंना जमेल.

आणखी एक. ४ मेच्या रात्री आठ वाजता घरात बसू नका. युद्धात मेलेल्यांसाठी सगळा देश दोन मिनिटं गप्प उभा राहतो. ट्रेनसुद्धा थांबतात. गावच्या स्मारकापाशी जा आणि लोकांच्या मागे उभे राहा. शेजारच्या आजी आम्हाला एकदा म्हणाल्या होत्या की १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात त्यांच्या आईने ट्यूलिपचे कंद उकडून मुलांना खाऊ घातले होते. त्यानंतर मला ते फूल पूर्वीसारखं नुसतं शोभेचं कधी वाटलं नाही.


तळेगावचा फुलवाला (११ मार्च)

मी तळेगावला पॉलिहाउसमध्ये गुलाब करतो. दोनदा कामानिमित्त हॉलंडला जाणं झालं. नानांना आल्समेअरच्या फूलबाजारात नक्की न्या. स्किपोल विमानतळाच्या जवळच आहे. कामाच्या दिवशी पहाटे लवकर जावं लागतं, सकाळी उशिरा गेलात तर सगळं आवरलेलं असतं. जाण्याआधी वेळ तपासा. पाहुण्यांसाठी वरून पूल आहे, खाली फुलांच्या गाड्यांच्या माळा धावत असतात.

नाना निफाडचे, म्हणजे लासलगावचे आणि पिंपळगावचे लिलाव त्यांनी आयुष्यभर पाहिलेत. आपल्याकडे बोली चढत जाते. इथे उलटं. घड्याळाचा काटा वरच्या भावापासून खाली उतरत येतो आणि जो पहिला बटण दाबतो त्याचा माल. थांबलात तर स्वस्त मिळेल, पण दुसरा घेऊन जाईल. हल्ली बहुतेक बोली खरेदीदार आपापल्या संगणकावरून लावतात, पण पद्धत तीच. शेतकऱ्याच्या मनात काय येतं ते त्यांना विचारा आणि इथे लिहा.

आणि एक विनंती. परत येताना ट्यूलिपचे कंद आणू नका. एक तर वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय रोपं-कंद भारतात आणता येत नाहीत. आणि फुलायला त्यांना साधारण १२ ते १६ आठवडे कडक थंडी लागते, ती पुण्यात मिळत नाही. श्रीनगरला दल सरोवराशेजारी ट्यूलिप बाग आहे, २००७ मध्ये उघडली, तिथे हवामानच वेगळं. पुण्याला गेल्यावर एखाद्या एप्रिलमध्ये नानांना तिकडे न्या.


वेल्डहोवनवासी (११ मार्च)

वाचताना दोनदा डोळे भरून आले. खेळण्यांचं तर मनातही आलं नव्हतं. मीसुद्धा खोकी आणूनच ठेवली होती.

लिंगेकाठची ताई, तुमच्या निरोपाची वाट बघते. रात्री कितीही वाजता पाठवा.

शेतातले ट्यूलिप बघायला नक्की कुठे जाऊ? आणि सायकलचं कसं करू? नाना सायकल चालवतात, आई नाही.


उट्रेख्तची सायकलवाली (१२ मार्च)

शेतं दोन ठिकाणी. एक म्हणजे लिस्से, हिलेगोम, नॉर्डवाइकच्या मधला जुना पट्टा. समुद्राच्या वाळूच्या टेकड्यांमागची चुनखडीयुक्त रेताड जमीन, पाणी साचत नाही म्हणून कंद सडत नाहीत. दुसरा म्हणजे नॉर्डोस्टपोल्डर, जो १९४२ पर्यंत पाण्याखाली होता. तिथली शेतं प्रचंड मोठी आणि गर्दी कमी, पण तुम्हाला फार लांब पडेल. मी लिस्सेच म्हणेन, क्युकेनहॉफच्याच दिवशी दुपारी.

शेताच्या आत पाऊल टाकू नका. फोटोसाठी लोक रांगांमध्ये शिरतात, रोपं मोडतात आणि बुटांच्या मातीतून रोग एका शेतातून दुसऱ्या शेतात जातात. नानांना हे सांगावं लागणार नाही, सोबतच्यांना सांगा. आणि एखादं शेत बिनफुलांचं हिरवं दिसलं, कडेला पाकळ्यांचे ढीग दिसले, तर हिरमुसू नका. इथला शेतकरी फूल विकत नाही, कंद विकतो. फूल उमललं की रोगट रोपं हुडकून काढतो आणि मग यंत्राने सगळी मुंडकी उडवतो, म्हणजे झाडाची ताकद खाली कंदात उतरते.

सायकलसाठी चौकाचौकांत हिरवे-पांढरे आकडे असतात. आदल्या रात्री कागदावर आकड्यांची ओळ लिहून घ्यायची आणि एकामागून एक आकडा गाठत जायचं. नकाशा बघायची गरज पडत नाही. आईंसाठी पुढे पेटी असलेली सायकल, बाकफीट्स, भाड्याने मिळते का बघा. काही ठिकाणी मोठ्या माणसाला बसता येईल अशा तीनचाकीही मिळतात.

आता माझं सगळ्यात आवडतं. गायींचा नाच! हिवाळाभर गायी गोठ्यात असतात. एप्रिलमध्ये पहिल्यांदा कुरणात सोडतात तेव्हा चांगल्या पाच-सहाशे किलोच्या गायी वासरांसारख्या उधळतात, मागचे पाय झाडतात, गवतात तोंड खुपसतात. बरेच सेंद्रिय गोठेवाले त्या दिवशी लोकांना बोलावतात. त्याला कूयेनडान्स म्हणतात. तुमच्या भागातला शोधा आणि आधी नाव नोंदवा. मी चार वर्षं जातेय.

गवतात बसलात, जंगलात फिरलात की घरी आल्यावर गोचीड बघा. गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला. लेकीचं रोज बघा. चिमटा घरात ठेवा आणि नंतर कातडीवर लाल वर्तुळ उठलं तर लगेच डॉक्टरकडे जा.


हेगकर (१२ मार्च)

हेगला क्लिंगेनडाल उद्यानात जपानी बाग आहे. शेवाळ नाजूक म्हणून वर्षातला बहुतेक काळ बंद असते. वसंतात एप्रिलअखेरपासून काही आठवडे उघडते, फुकट. जेवायला सुरिनामी रोटीच्या दुकानात जा. त्यांचे पूर्वज १८७३ पासून बिहार-उत्तर प्रदेशातून सुरिनामला नेलेले मजूर. होळीला ते फगवा म्हणतात. आईंशी हिंदीत बोलले तर सरनामीतून, म्हणजे त्यांच्या भोजपुरीसारख्या बोलीतून, उत्तर येईल, दोघांनाही कळेल. भाजीची रोटी मागा, अंडं नको म्हणून आठवणीने सांगा.

हापूस एप्रिलअखेर इथल्या भारतीय दुकानांत येतो. आणायला नाना-आईंना सांगू नका, सामानात वजन जातं.


आम्स्टेलवेनची मावशी (१३ मार्च)

शाकाहारी म्हणून दोन गोष्टी. चीजमध्ये बऱ्याचदा वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य, असतं. वेष्टनावर वनस्पतिजन्य लिहिलंय का बघ. राजाच्या दिवशी टॉमपूस नावाची नारिंगी क्रीम पेस्ट्री खातात, त्यात जिलेटिन असू शकतं.

आणि आमच्याकडे एक दिवस या. घराजवळ ॲमस्टरडॅमच्या बोस या मोठ्या वनउद्यानात चेरीची ४०० झाडं आहेत, जपानी महिलांनी दिलेली. प्रत्येक झाडाला बाईचं नाव आहे, निम्मी डच आणि निम्मी जपानी. ऐन बहरात शनिवार-रविवार टाळा. मी थालीपिठाची भाजणी दळून ठेवलीय.

सगळं करायला जाऊ नकोस मात्र. पंचेचाळीस दिवसांत आठ दिवस बाहेर पडलीस तरी खूप. दोन सहलींच्या मध्ये आईंना दोन दिवस घरी बसू दे.


वेल्डहोवनवासी (१९ मे)

परवा त्यांना विमानात बसवून आलो. घर एकदम रिकामं वाटतंय. सगळ्यांचे आभार मानायचे आहेतच, पण नीट सांगितल्याशिवाय आभार अपुरे राहतील.

पाडव्याला बाल्कनीत गुढी उभारली. कडुनिंब आईंनी येतानाच वाळवून आणला होता. आठ दिवसांनी, मंगळवारी, सकाळी आठला क्युकेनहॉफच्या दारात होतो. आई खुर्चीला नाही म्हणाल्या, मग दहा मिनिटांनी स्वतःच बसल्या. हायसिंथच्या वाफ्यापाशी थांबायला सांगितलं आणि डोळे मिटून बसून राहिल्या. म्हणाल्या, "निशिगंधापेक्षा उग्र आहे, पण देवघरात चालेल." साडेदहाला गर्दी वाढली तेव्हा आमचं बघून झालं होतं. दुपारी लिस्सेबाहेर शेताच्या कडेला नाना उकिडवे बसले, माती हातात घेतली, चुरली आणि परत तिथेच टाकली. मुंडकी उडवलेलं शेत त्यांना फुललेल्या शेतापेक्षा जास्त आवडलं. "आपण वेलीचे घड विरळ करतो, तसंच."

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी लिंगेकाठच्या ताईंचा निरोप आला: आज रात्री. पहाटे साडेचारला नाना, मी आणि नवरा निघालो. लेक आणि आई घरी. सहाच्या आधी पोचलो. नासपतीचा बहर संपलेला, सफरचंदाचा शेवटचा चालू होता. तुषारांचा आवाज सगळीकडे, आणि उजाडता उजाडता ती काचेची बाग दिसायला लागली. तुम्ही लिहिलं होतं तसंच, तरी मी तयार नव्हते. नाना बांधावरून हलले नाहीत. बागेचे मालक रात्रभर जागे होते, डोळे लाल. त्यांना इंग्रजी येत होतं, नानांना नाही, मी मध्ये. पण थोड्या वेळाने मला मध्ये बोलावं लागलंच नाही. नानांनी फोनवर निफाडच्या शेकोट्यांचा फोटो दाखवला, धुराने भरलेली द्राक्षबाग. मालकांनी आपले मेणाचे डबे दाखवले. मग दोघं पंपाकडे गेले. परत येताना गाडीत नाना बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "आपल्याकडं मणी तडकतो, इथं कळी जळते. रात्र जागायला लागतीच." ताई, तुमच्याकडच्या गरम पोह्यांनी आम्हाला जिवात जीव आला होता.

आल्समेअरला नवऱ्याने नेलं. फुलवाले दादा, तुम्ही विचारलं होतं म्हणून सांगते. नानांचं म्हणणं असं: चढत्या बोलीत शेतकऱ्याला शेवटपर्यंत आशा असते, उतरत्या घड्याळात पहिल्या क्षणापासून धाकधूक. पण त्यांना एक गोष्ट फार पटली, की भाव सगळ्यांसमोर मोठ्या आकड्यात दिसतो आणि माल कुणाचा तेही लिहिलेलं असतं. दोनदा म्हणाले, "पट्टी हातात पडेपर्यंत थांबायला लागत नाही."

गायींचा नाच आम्हाला घरापासून वीस मिनिटांवर मिळाला. गोठ्याचं दार उघडलं, पहिली गाय उंबऱ्यावर थबकली, वास घेतला आणि मग जी उधळली! लेक कुंपणावर चढून ओरडत होती. आईंनी लहानपणी गुरं राखली आहेत. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि हसता हसता रडल्या. त्या दिवशी गुडघ्यांची आठवण कुणालाच झाली नाही.

हालेरबोस राहिलं. एकदा निघालो, पण आईंना बरं नव्हतं म्हणून अर्ध्या वाटेतून परतलो. किंडरडाइकला मात्र रॉटरडॅमहून वॉटरबसने गेलो, हे इथे कुणी सुचवलं नव्हतं म्हणून लिहिते. आईंसारख्यांना फार सोयीचं. बसल्या बसल्या नदीतून जायचं आणि उतरल्यावर समोर १९ पवनचक्क्या, बहुतेक १७४० च्या आसपासच्या. चक्कीत आतही जाता येतं. त्या दळायच्या नाहीत, पाणी उपसायच्या आहेत, हे नानांना सांगितल्यावर ते विहिरीवरच्या मोटेबद्दल लेकीला तासभर सांगत बसले. तिने मोट हा शब्द तिथे शिकला.

राजाच्या दिवशी लेकीने चादर अंथरली. आदल्या रात्री तिने खेळण्यांचे तीन ढीग केले: विकायचे, न्यायचे, आणि मैत्रिणीला द्यायचे. लाकडी ट्रेन कुठल्या ढिगात टाकायची हे तिचं रात्री साडेनऊपर्यंत ठरेना. सकाळी ती विकायच्या ढिगात होती. तीन-चार वर्षांचा एक मुलगा बराच वेळ तिच्याशी खेळत बसला, त्याच्या आईने दोन युरो दिले. लेकीने ते घेतले आणि डचमध्ये त्याला समजावून सांगितलं की वळणावर एक डबा घसरतो, तो हळू न्यायचा. परत_नाशकात दादा, हे तुमच्यामुळे झालं.

४ मेला स्मारकापाशी गेलो. नानांनी टोपी काढून हातात धरली होती. दोन मिनिटांत एकही पोर रडलं नाही.

मेमध्ये सूर्य मावळायला सव्वानऊ वाजू लागले, तेव्हा आईंची दिवेलागणीची पंचाईत झाली. उजेड असताना दिवा कसा लावायचा? मग त्यांनी ठरवलं, समोरच्या घरातली मुलं आत बोलावली जातात ती वेळ धरायची. साडेसातला. आता मीही त्याच वेळी लावते.


लिंगेकाठची (१९ मे)

त्या बागायतदारांनी परवा विचारलं, तुमचे ते द्राक्षवाले काका पोचले का घरी? फळधारणा चांगली झालीय, तेवढं नानांना कळव.


हेगकर (२० मे)

वाचून फार बरं वाटलं. इथली पांढरी अस्परेगस आईंनी चाखली का? तुमच्या ब्राबांट प्रांतात तर आता शेताच्या दारात मिळते.


वेल्डहोवनवासी (२० मे)

चाखली म्हणजे! रस्त्यालगतच्या शेतावरून दर शनिवारी आणायचो. आपल्या शतावरीच्याच कुळातली, हे ऐकल्यावर आईंनी मनापासून हातात घेतली. टोक सोडून खालपर्यंत साल जाड काढायची, नाहीतर धागे लागतात. बोटभर तुकडे, हिंग-मोहरी-हळदीची फोडणी, झाकण ठेवून दहा मिनिटं वाफ, मग भाजलेलं डाळीचं पीठ पेरायचं, वरून लिंबू. रुबार्बचाही त्यांनी गूळ घालून मेथांबा केला. फक्त देठ घ्यायचे, पानं विषारी असतात.

अस्परेगसची काढणी २४ जूनला बंद होते. तोवर आमचे पाच शनिवार आहेत. नानांनी जाताना शेतावरच्या बाईंना हाताने खूण करून सांगितलंय, माझ्या सुनेला ताजी द्या.